रंगवलेलं सागवान

बंगळूरच्या के. आर. मार्केटजवळ टिपूचा उन्हाळी राजवाडा आहे. हैदर अलीने 1781 मध्ये बांधायला घेतलेला, टिपूने 1791 मध्ये पुरा केलेला. खांब, कमानी, सज्जे सगळं सागवानी, आणि त्या सागावर चक्क रंग! भिंतींवरच्या फुलवेली आज पुसट झाल्यात. एवढं अस्सल लाकूड रंगाखाली झाकताना कुणाचा जीव तुटला नसावा.

तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर (रस्ता मोकळा मिळाला तर) बसवनगुडीत माझ्या मावसबहिणीचं घर आहे. तिच्या दिवाणखान्यात नेमकं उलटं. भिंत विटा-सिमेंटची, वर चितारलेलं सागवान.

खरं तर असल्या भिंतींपुढे मी नाक मुरडतो. लहानपणी घरोघरी लाकडाच्या रंगाची लोखंडी कपाटं असायची. दोन्ही दारांवर वीत-वीत अंतराने तीच गाठ, शिक्का मारल्यासारखी. इथे मात्र खुर्ची ओढून बसलो.

लांबी भरून, पॉलिश पेपर मारून आधी बदामी रंगाचे दोन हात दिलेत. रेषांच्या मधून दिसतं ते हेच बदामी. त्यावर सावकाश वाळणारा पातळ तपकिरी थर, आणि तो ओला असतानाच त्यातून रबराचा खाचांचा ठोकळा ओढत आणायचा. सरळ ओढला की सरळ रेषा. मनगट झुलवलं की कमानी उठतात, गाठ पडते. सगळी परीक्षा या झुलवण्यात. हौशी हात फुटाफुटावर झुलतो. या रंगाऱ्याने सहा फूट नुसत्या रेषा सोडल्यात, मग खिडकीशी एकच गाठ, तीही मध्यभागी नाही. पुढची फळी अर्ध्या छटेने गडद. सांधा पेन्सिलीने आखलेला नाही. एक फळी वाळू देऊन, कडेला चिकटपट्टी लावून दुसरी रंगवलीय, म्हणून रेषा तिथे करवतीने कापल्यासारख्या तुटतात. वर कोरड्या ब्रशने थोपटून काढलेली बारीक रंध्रं. व्हार्निश मुद्दाम बिनचमकीचं, नाहीतर दुपारच्या उन्हात गिलाव्याचे उंचवटे चुगली करतात.

थॉमस कर्शॉ या इंग्रज रंगाऱ्याला अशाच कामासाठी 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात पदक मिळालं होतं. त्याने इथे एक चूक पकडली असती. कोपऱ्यावर रेषा सलग वळल्यात, जणू लाकूड कापडासारखं दुमडलंय. सुतार तिथे फळी संपवतो, तिची जाडी दिसू देतो. रंगारी कोपऱ्यापाशी विसरला की आपण आता सुतार आहोत.

निघताना बहिणीने शोकेस थोडं सरकवून दाखवलं. मागे हातभर जागेत त्याने सराव केलेला: चार ओढी, एक फसलेली, एक बोटाने पुसलेली. चौथीत खिडकीजवळची ती गाठ, अजून जराशी जाड.