ग्रंथालयातल्या स्पर्धा: दारापासून कपाटापर्यंत

आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल: सार्वजनिक ग्रंथालयांत होणाऱ्या स्पर्धा आणि कार्यक्रम. रांगोळी, पाककृती, हस्ताक्षर, वक्तृत्व, प्रश्नमंजुषा, संक्रांतीचं हळदीकुंकू, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह. वर्ष कसं भरगच्च जातं. आपल्याला आज एवढंच विचारायचं आहे, की यांतला कार्यक्रम चांगला झाला असं कशावरून म्हणायचं?

आधी या कार्यक्रमांची बाजू नीट मांडू, कारण त्यांना नाकं मुरडणं फार सोपं आहे. ग्रंथालयाचा उंबरठा सगळ्यांना सारखाच उंच नसतो. ज्या घरात पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक, त्या घरातल्या मुलाला 'ग्रंथालय सर्वांसाठी खुले' ही पाटी पुरत नाही. वाचनकक्षात सगळे पुरुषच वर्तमानपत्रं चाळताना दिसले, की दारावरूनच परत फिरणाऱ्या बाईलाही ती पुरत नाही. त्यांना आत यायला निमित्त लागतं, आणि हळदीकुंकू किंवा चित्रकला स्पर्धा ते निमित्त देते. तेव्हा 'ग्रंथालयात गंमत कशाला?' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला आपण नाही.

पण निमित्त हे निमित्तच राहतं का, हे पाहायला हवं. डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं सूत्र म्हणजे ग्रंथ उपयोगासाठी असतात. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. गंमत बघा, यांत गर्दी हा शब्द कुठेच नाही. एक माणूस आणि एक पुस्तक यांची गाठ पडली पाहिजे, इतकंच त्यांचं मागणं आहे. कार्यक्रमाला दोनशे माणसं आली आणि अशी एकही गाठ पडली नाही, तर तो समारंभ म्हणून चांगला असेल, ग्रंथालयाचं काम मात्र त्यातून झालं नाही.

इथे तत्त्वज्ञानातलं एक उदाहरण उपयोगी पडतं. ॲलिस्डेअर मॅकिंटायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू' या १९८१ च्या ग्रंथात ते दिलं आहे. सात वर्षांच्या एका हुशार मुलाला बुद्धिबळ शिकवायचं आहे. त्याला बुद्धिबळात रस नाही, गोळ्या-चॉकलेटात आहे. म्हणून त्याला सांगितलं, खेळलास तर खाऊला पैसे, जिंकलास तर आणखी. मुलगा खेळू लागतो. पण जोवर तो खाऊसाठीच खेळतो, तोवर पकडलं जाण्याची भीती नसेल तर फसवणूक न करण्याचं त्याला काहीच कारण नाही. पुढे त्याला डावाचीच गोडी लागली, तर फसवणूक करून तो स्वतःलाच हरवील. खाऊ कशानेही मिळू शकतो. बुद्धिबळाचा आनंद बुद्धिबळातच मिळतो.

आता हे आपल्या वक्तृत्व स्पर्धेला लावून बघा. विषय असतो 'वाचाल तर वाचाल'. भाषण लिहून देतात आई किंवा बाई. मूल ते हातवाऱ्यांसकट पाठ करतं आणि ढाल घेऊन घरी जातं. ही फसवणूक आहे असं कुणालाच वाटत नाही, कारण पुस्तक न उघडता वाचनाची महती सांगता येईल अशीच ती स्पर्धा रचलेली असते. दोष मुलाचा नाही. रचनेचा आहे.

आणि मुलाचं नुकसानही होऊ शकतं. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना 'काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांचं चित्रं काढणं इतरांपेक्षा कमी झालेलं आढळलं. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही. आधीपासून आवडणाऱ्या गोष्टीसाठी ते कबूल केलं, की मूल ती गोष्ट मोबदल्याची समजू लागतं. म्हणून 'महिन्यात वीस पुस्तकं वाचणाऱ्याला सायकल' ही योजना जपून करावी. मुळात वाचणाऱ्या मुलालाच ती बिघडवू शकते. शिवाय वीस पुस्तकं मोजायची म्हटल्यावर पातळ पुस्तकंच उचलली जाणार, हे सांगायला मानसशास्त्र नको.

मग स्पर्धा कशी असावी? आमची कसोटी साधी आहे: कपाटापर्यंत न जाता ती जिंकता येऊ नये. एक उदाहरण घेऊ. पुस्तकाच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. जिच्यावर कित्येक वर्षांत शिक्का पडलेला नाही, असं एक पुस्तक स्पर्धकाने स्वतः शोधायचं, वाचायचं आणि 'हे कुणी तरी घरी न्यावं' म्हणून पाच मिनिटं त्याची वकिली करायची. श्रोत्यांपैकी कुणी ते पुस्तक तिथेच आपल्या नावावर घेतलं, तर तेच बक्षीस. यात गंमत आहे, चुरस आहे आणि रंगनाथनांचं तिसरं सूत्रही आहे. पाककृती स्पर्धासुद्धा चालेल, पण पदार्थ संग्रहातल्या जुन्या पाकपुस्तकातूनच निवडायचा.

आपल्याकडे याची परंपरा नाही असं नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. तिथे लोक येत ते विचार ऐकायला, आणि मिळे तोही विचारच. आमिष एक आणि माल दुसरा, असा प्रकार नव्हता.

शेवटी कार्यवाहांना आणि ग्रंथपालांना एक विनंती. कार्यक्रमाचे फोटो जरूर काढा. पण त्यानंतरच्या महिनाभराची देवघेवीची नोंदवहीही काढून बघा. त्या दिवशी पहिल्यांदा आत आलेल्यांपैकी कितीजण पुन्हा आले, काय घेऊन गेले, कोणतं पुस्तक मागितलं आणि मिळालं नाही? बहुतेक ग्रंथालयांत माणसं मोजकी आणि मानधन तुटपुंजं असतं. मांडव घालण्यात गेलेले चार दिवस हे नव्या वाचकाला पुस्तक शोधून देण्याच्या वेळेतूनच कापलेले असतात. रांगोळीसाठी बालविभाग बंद ठेवला आणि त्याच दुपारी एखादं मूल पुस्तक बदलायला येऊन परत गेलं, तर त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

आता आपण प्रश्न घेऊ.