रझाकार म्हणजे स्वयंसेवक

कुणी दांडगाई करायला लागलं की सोलापुरातली म्हातारी माणसं अजून विचारतात, ‘ही काय रझाकारी आहे का?’ शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा आहे: स्वतःहून पुढे आलेला, स्वयंसेवक. याता सत्यनारायण यांचा ‘रझाकार’ (२०२४) हा तेलुगू चित्रपट पाहताना मी हा अर्थ शोधत होतो. तो सापडला नाही.

चित्रपटाने अत्याचार दाखवले याला माझी हरकत नाही. ते झाले होते. निजामाच्या हद्दीतून जीव मुठीत धरून माणसं आमच्या शहरात आली होती. हरकत ही, की पडद्यावरचा रझाकार पहिल्या दृश्यापासून राक्षसच आहे. लातूरचा वकील कासीम रझवी साध्या नागरिकांची सशस्त्र संघटना कशी उभारतो, कालचा शेजारी आज शेजाऱ्याची निष्ठा कशी तपासायला लागतो, हे ‘कसं’ कुठेच नाही.

ऑगस्ट १९४८मध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. ते मुसलमान होते. गुन्हा एवढाच, की त्यांनी भारतातल्या विलीनीकरणाची बाजू लिहिली. म्हणजे प्रश्न निव्वळ धर्माचा नव्हता. कोण निष्ठावान हे कोण ठरवणार, असाही तो होता. हा खून कथेच्या केंद्रात असता, तर हिंदू-मुसलमान असे सोपे दोन खाने पाडता आले नसते.

१३ सप्टेंबरला सोलापूरहून फौजा नळदुर्गकडे निघाल्या, १८ला हैदराबादच्या सैन्याने शरणागती पत्करली. चित्रपट या विजयावर थांबतो. पुढे पंडित सुंदरलाल समितीने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद आणि गुलबर्गा, हे आमचे शेजारी जिल्हे, सर्वाधिक होरपळलेल्यांत होते. तेव्हा ‘हा रझाकार’ असं बोट दाखवणारे अनेक ठिकाणी गावातलेच होते.

मे २०२५मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डीपीला तिरंगा न लावणाऱ्यांची यादी फिरली. तिची एक्सेल शीट मी केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मीच पुढे झालो. ज्यात मी स्वतःला ओळखलं असतं, असा चित्रपट मला हवा होता. हा पाहून मी निर्धास्त घरी येऊ शकतो, हाच त्याचा दोष आहे.