साएतिया : आक्रोश आणि आकार

न्यूयॉर्क येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘साएतिया’ या बँडची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला निराळे नाव नाही. बँडचे नाव तेच मुद्रिकेचे. हार्डकोअर पंक संगीताच्या ज्या उपशाखेला पुढे ‘स्क्रीमो’ ही संज्ञा चिकटली, तिचा उगम १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे झाला. याहून अधिक इतिहासाचे येथे प्रयोजन नाही. विचारार्ह प्रश्न हा की, ज्या गीतातले शब्द किंकाळीत विरून जातात त्याला काव्य म्हणावे काय, आणि म्हटल्यास कोणत्या आधारावर?

या प्रश्नाचा धागा बँडच्या नावातच सापडतो. स्पेनमधील आंदालुसिया प्रांतात पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीसमोर एकट्या कंठाने आळवल्या जाणाऱ्या आर्त धर्मगीतास ‘साएता’ म्हणतात. माइल्स डेव्हिसच्या ‘स्केचेस ऑफ स्पेन’ (१९६०) या मुद्रिकेत त्याच नावाची रचना असून तेथे मानवी कंठाचे काम ट्रंपेट करतो. या बँडने ते नाव उचलले, पण त्याचे वर्णलेखन चुकले. मुद्रिकेतील एका गीताचे फ्रेंच शीर्षकही असेच आहे. ‘आपल्या जिभा आपल्याला फसवितात’ हा त्याचा आशय. मात्र ‘आपल्या’ या अर्थाचे विशेषण तेथे फ्रेंच व्याकरणास धरून नाही. फ्रेंचमध्ये जीभ आणि भाषा यांना शब्द एकच. तेव्हा भाषा फसविते असे सांगणारे वाक्य स्वतःच भाषेत फसते. हे हेतुपुरस्सर घडले की अनवधानाने, याने फारसे बिघडत नाही. आशयाचा प्रत्यय शीर्षकानेच दिला आहे.

किंकाळी म्हणजे निराकार भावनेचा उद्रेक, हा या प्रकारावरचा नेहमीचा आक्षेप. प्रस्तुत मुद्रिकेस तो लागू पडत नाही. येथे गिटारचे स्वर पुष्कळदा स्वच्छ आणि सुटे, जाझच्या वळणाचे येतात. त्यांच्या मागे बोलल्यासारखा हलका आवाज चालतो. आणि मग सर्व वाद्यांसह कंठ एकाएकी फुटतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे जे तीन नियम सांगितले, त्यांपैकी विरोधाचे प्राबल्य येथे उघड आहे. तथापि तो विरोध केवळ आवाजाच्या चढउताराचा नव्हे. हळू बोललेला शब्द अर्थ सांगू पाहतो. ओरडलेला शब्द अर्थ सोडून देतो, आणि तो सुटल्याची वेदना तेवढी मागे ठेवतो. पहिल्यावाचून दुसऱ्याला धार येत नाही. केवळ छापील शब्द वाचून या गीतांचा निकाल लावणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

समतोल मात्र सर्वत्र साधलेला नाही. शांततेनंतर स्फोट ही योजना इतक्या वेळा येते की पुढे पुढे श्रोता स्फोटाची वाट पाहू लागतो, आणि अपेक्षित किंकाळीत आर्तता कितीशी उरणार! ध्वनिमुद्रणही ओबडधोबड आहे. काही ठिकाणी बोललेला आवाज वाद्यांखाली दडपून जातो आणि ज्या विरोधावर रचना उभी आहे त्याची एक बाजूच नाहीशी होते.

शीर्षकांतील विद्वत्तेबद्दलही थोडे सांगणे प्राप्त आहे. ‘माधुर्य आणि प्रकाश’ हा शब्दप्रयोग स्विफ्टने इसापाच्या मुखातून वदविला व मॅथ्यू आर्नल्डने ‘कल्चर अँड अनार्की’ (१८६९) मध्ये संस्कृतीचे लक्षण म्हणून रूढ केला. अराजकाविरुद्ध उगारलेले हे शब्द नेमक्या किंकाळीच्या माथ्यावर बसविण्यातला उपरोध चांगला साधला आहे. ‘व्हीनस आणि बॅकस’ याबाबत तसे म्हणता येत नाही. ते नाव उसन्या अलंकारासारखे वरवर राहते.

सार्त्रच्या ‘ला नोझे’ (१९३८) या कादंबरीतील नायक रोकांतँ याचे नावही या बँडच्या एका गीतास आहे. अस्तित्वाच्या किळसेने ग्रासलेल्या त्या माणसाला कादंबरीच्या अखेरीस क्षणभर दिलासा मिळतो, तो कॅफेत वाजणाऱ्या एका जाझ गीताच्या चरे पडलेल्या तबकडीमुळे. तबकडी झिजते, पण तिच्यातील सूर झिजत नाही, हे त्याला तेथे उमगते. १९९९ मध्ये विसर्जित झालेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा एकत्र आलेल्या या बँडच्या ओबडधोबड मुद्रिकेलाही हाच न्याय लावता येईल काय, याचा निर्णय त्या दडपलेल्या आवाजाकडे दुसऱ्यांदा कान देणाऱ्यानेच करावयाचा आहे.