बयाज, कॅसेट आणि निवडीचे कारण

उर्दू साहित्यात बयाज नावाची एक जुनी चीज आहे. बयाज म्हणजे शायरीच्या शौकिनाची खासगी वही. मुशायऱ्यात ऐकलेला, एखाद्या दिवानात वाचलेला किंवा कुणाच्या बोलण्यातून कानावर पडलेला शेर मनाला भिडला की तो या वहीत उतरवून ठेवायचा. कुणी विषयवार उतरवी, कुणी रदीफवार, कुणी नुसता जसा सापडेल तसा. अशी बयाज दुसऱ्याच्या हाती पडली की त्याला शायरांपेक्षा वहीच्या मालकाचीच ओळख अधिक होई. तजकिऱ्याचे मूळ या वहीतच आहे. मीर तकी मीरने १७५२ च्या सुमारास फारसीत 'निकातुश्शुअरा' हा उर्दू शायरांचा तजकिरा लिहिला. त्यात तो शेर निवडून थांबत नाही. अमुक शब्दाऐवजी तमुक असता तर शेर अधिक बसला असता, हेही ठणकावून सांगतो. म्हणजे निवड आणि तिच्यामागचे कारण दोन्ही एकाच पानावर.

आमचे म्हणणे असे, की आवडत्या गाण्यांची कॅसेट भरून घेणे हा या बयाजेचाच पुढचा अवतार होता. आमच्या समीक्षकांनी गझलेवर लिहिले, चित्रगीतांवर लिहिले, कव्वालीवरही थोडेफार लिहिले. पण सामान्य माणसाने एका विषयाभोवती गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून जी रचना केली, तिच्याकडे रचना म्हणून फारसे कुणी पाहिले नाही. ती करमणूक समजली गेली. आम्हांला ती वाङ्मयीन कृती वाटते आणि तिची परीक्षाही तशीच व्हावी असे वाटते.

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती घरोघर पोचली १९८० नंतर. गावात रेकॉर्डिंगचे दुकान असे. कागदावर यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायची. साठच्या कॅसेटला एका बाजूस अर्धा तास मिळे. साडेतीन मिनिटांचे गाणे धरले तर आठ, फार तर नऊ गाणी. 'बरसात की रात' (१९६०) मधली ती प्रसिद्ध लांबलचक कव्वाली घ्यायची तर साध्या तीन गाण्यांवर पाणी सोडावे लागे. या टंचाईतून विवेक निर्माण होत असे. एक गाणे घेण्यासाठी दुसरे गाळावे लागते तेव्हाच माणूस स्वतःला विचारतो, की हे का आणि ते का नाही? गालिबने १८४१ मध्ये छापलेल्या आपल्या उर्दू दिवानातून पूर्वीचे कितीतरी शेर काढून टाकले होते. ते पुढे १९२१ मध्ये भोपाळच्या 'नुस्खा-ए-हमीदिया'तून बाहेर आले. गाळणे हीसुद्धा शायरीच आहे, हे त्याला ठाऊक होते.

निवडीचे कारण सांगण्याची सवय आपल्या कानांना लावली ती रेडिओने. पण रेडिओतही फरक आहे. अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि बुधवारच्या रात्री लोक कामे टाकून तिच्याभोवती बसू लागले. अमीन सयानी (निधन २०२४) यांची जबान त्यांच्या आई कुलसुम सयानी यांच्या 'रहबर' या पाक्षिकाच्या कामात घडली. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत ते निघे. ती जबान आम्ही अजून वर्गात उदाहरण म्हणून सांगतो. तरीही 'गीतमाला' ही बयाज नव्हती. ती पायऱ्यांची मोजणी होती. कोणते गाणे वर चढले आणि कोणते खाली आले, एवढाच तिचा प्रश्न. खरी बयाज होती विविध भारतीवरची 'विशेष जयमाला'. एखादा कलावंत फौजी भाईंसाठी आपली गाणी निवडायचा आणि का निवडली ते सांगायचा. रात्रीचे 'छायागीत'ही त्याच जातीचे. त्यात निवेदक एक विषय घेई आणि गाण्यांमध्ये आपले शब्द पेरी. खरे सांगायचे तर 'छायागीता'तले निवेदन आम्हांला पुष्कळदा खटकते. चांद, तनहाई, बीते हुए लम्हे... गाण्याने जे सांगितले तेच निवेदक अधिक मऊ आवाजात पुन्हा सांगतो. याला कारण म्हणत नाहीत. याला आम्ही वर्गाच्या भाषेत कवितेचा सरळ अर्थ म्हणतो, आणि सरळ अर्थाला गुणही कमीच देतो.

याच प्रकारचा एक विलायती नमुना बीबीसीवर १९४२ पासून चालू आहे. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' त्याचे नाव. निर्जन बेटावर एकटे राहायचे असेल तर कोणत्या आठ रेकॉर्डी नेणार, हे पाहुण्याने कारणांसह सांगायचे. १९५८ मध्ये एलिझाबेथ श्वार्झकॉफ या थोर गायिकेने आठपैकी सात रेकॉर्डी स्वतःच्याच निवडल्या. लोक यावर आजही हसतात. आम्हांला मात्र ती निवड प्रामाणिक वाटते. बाकीचे पाहुणेही एका अर्थी स्वतःचीच तसबीर लावतात, फक्त दुसऱ्यांच्या आवाजात.

मग चांगली निवड ओळखायची कशी? यासाठी आम्हांला दूर जावे लागत नाही. इमाम गजाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात समाअचे, म्हणजे सूफींच्या गानश्रवणाचे, नियम सांगताना जुनैद बगदादी यांचे म्हणून एक सूत्र दिले आहे. समाअला तीन गोष्टी लागतात: जमान, मकान आणि इख्वान. वेळ, जागा आणि सोबती. गाणे ऐकणे जायज की नाजायज, हा वाद आमच्या घराघरांत आहे आणि तो इथे सोडवण्याचा आमचा इरादा नाही. पण हे सूत्र आम्हांला समीक्षेचे उत्तम माप वाटते. ही यादी कोणत्या वेळी, कुठे बसून आणि कुणाबरोबर ऐकायची आहे, हे जिच्यातून कळत नाही ती यादी कच्ची. चिश्ती दर्ग्यांतल्या मैफलींत हम्द, नात, मन्कबत असा क्रम सांभाळतात आणि अमीर खुसरोचा 'रंग' शेवटाकडे ठेवतात. क्रमालाही अर्थ असतो, ही जाण आपल्याकडे सातशे वर्षांची आहे.

नववीच्या वर्गाला आम्ही एकदा सांगितले, की पाच गाणी निवडा आणि प्रत्येकामागचे कारण एका वाक्यात लिहा. बहुतेकांनी 'मला आवडते' असे लिहिले. आवड ही निवडीची सुरुवात झाली, कारण नव्हे. एका मुलाने लिहिले की अब्बा लूमवर हे गाणे गुणगुणतात. लूमच्या खडखडाटात ऐकू काही येत नाही, फक्त त्यांचे ओठ हलताना दिसतात. गाणे अगदी मामुली होते. पण वेळ, जागा, सोबती हे तिन्ही त्या एका वाक्यात आले होते.

इथे आमच्या, म्हणजे मराठी मुसलमानांच्या, निवडीचा प्रश्न येतो. आमच्या वतीने इतरांनी केलेली निवड आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. ईद आली की 'मेरे महबूब', 'चौदहवीं का चांद', 'पाकीजा'. नवाब, चिलमन, शमा आणि मुजरा. ही गाणी सुंदरच आहेत. पण त्यांतला लखनऊ आमच्या खेडच्या किंवा औशाच्या घरात कधी नव्हता. आमच्या घरात दखनी होती, कोकणी होती, जात्यावरची मराठी ओवीसुद्धा होती.

आणि आम्ही स्वतः निवडतो तेव्हा? तेव्हा शेजारी ऐकतो आहे हे आम्ही विसरू शकत नाही. मग यादीत दोनपैकी एक रोग शिरतो. एक तर मेहदी हसन आणि गुलाम अली यांच्या गझलांची रांग लागते, समजो वा न समजो, कारण उर्दूची शान दाखवायची असते. नाही तर उलट. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात रफींनी गायलेली मराठी गीते, शाहीर अमर शेख, आणि हटकून 'बैजू बावरा' (१९५२) मधले मालकंसातले भजन. शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी बांधले, रफींनी गायले, असे तीनदा बजावून सांगायचे. सद्भावना मेळाव्यात हे भजन हमखास वाजते. ते थोर आहे यात शंका नाही. पण शेवटी आवाज तारसप्तकात चढत जातो तेव्हा काय घडते, यावर त्या मेळाव्यात कुणी एक शब्द बोलत नाही. गाणे राहते बाजूला, त्याचा रहिवासी दाखला होतो. दाखला काढण्यासाठी केलेली निवड ऐकणाऱ्याला लगेच कळते, मग ती कोणत्याही भाषेतली असो.

दुसऱ्यांच्या निवडीवर बोलून आपली झाकून ठेवणे बरे नव्हे. आमचा विषय आहे निरोप. यादी फोनवर केली असली तरी माप साठच्या कॅसेटचे ठेवले आहे. एकूण सोळा गाणी आहेत. येथे फक्त पाचांविषयी लिहितो.

पहिले गाणे 'स्ट्रीट सिंगर' (१९३८) मधले सैगल यांचे. वाजिद अली शाहच्या नावावर असलेली भैरवीतली ठुमरी. मैफलीत भैरवी शेवटी येते. आम्ही ती आरंभी घेतली, कारण शेवटी ठेवली असती तर लोकांनी ती रिवाज म्हणून ऐकली असती आणि पादत्राणे शोधायला उठले असते.

पहिली बाजू संपवणारी दोन गाणी एकमेकांना चिकटून आहेत. एक खुसरोच्या नावाने चालत आलेले बिदाईगीत, 'उमराव जान' (१९८१) मध्ये जगजीत कौर यांनी गायलेले. लगेच पुढे पी. सावळाराम यांचे शब्द, वसंत प्रभू यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा स्वर असलेले मुलीच्या पाठवणीचे मराठी गीत. खुसरोकडे मुलगी बापाला जाब विचारते आहे. सावळाराम यांच्याकडे माहेर बोलते आहे. मुलीला धीर देते आहे आणि तो देतानाच स्वतः मोडते आहे. सवाल एका भाषेत, जवाब दुसरीत. दोन्ही गाणी वेगवेगळी आम्ही लहानपणापासून ऐकली होती. पण ती शेजारी ठेवीपर्यंत खुसरोच्या त्या मुलीला कुणी उत्तरच दिले नव्हते, हे ध्यानात आले नव्हते. आणि मराठी गीत येथे मराठीपणाचा पुरावा म्हणून आलेले नाही. ते गाळले तर आधीचे गाणे अधांतरी राहते.

मग कॅसेट उलटायची. दुसऱ्या बाजूला पहिली येते 'गर्म हवा' (१९७३) मधली अजीज अहमद खान वारसी यांची कव्वाली, सलीम चिश्तींच्या दर्ग्यातली. इस्मत चुगताई यांच्या कथेवर सथ्यू यांनी केलेल्या या चित्रपटात आग्र्याच्या मिर्झा घराण्यातले एकेक माणूस सरहद्दीपार जाते आणि सलीम मिर्झा त्यांना स्टेशनवर पोचवत राहतो. पहिल्या बाजूवर मुलगी घर सोडते. इथे घरच माणसांना सोडते. कॅसेट उलटताना जी दहा सेकंदांची शांतता पडे, ती या दोहोंच्या मध्ये हवीच होती.

शेवटची 'लाल किला' (१९६०) मधली रफींची गझल. चित्रपटात दोन गझला बहादुरशाह जफरच्या म्हणून आहेत. त्यांपैकी, आपण कुणाच्या उपयोगी पडत नाही असे सांगणारी जी आहे, तिचे श्रेय मुज्तर खैराबादी यांना द्यावे असे त्यांचे नातू जावेद अख्तर सांगत आले आहेत. तरी जफरचे नाव सुटत नाही. १८६२ मध्ये रंगूनला कैदेत मेलेला बादशहा लोकांना त्या शब्दांमागे हवा असतो. कॅसेटच्या आतल्या कागदावर गायक आणि चित्रपट एवढेच छापत. गीतकाराला जागा नसे. विविध भारती मात्र गीतकाराचे नाव घेतल्याशिवाय गाणे लावत नसे, आणि तेवढ्यापुरता तो आमचा तजकिरा होता. म्हणून आम्ही या गझलेपुढे दोन्ही नावे लिहिली आहेत, मुज्तर यांचे आधी.

गझल संपल्यावर अर्ध्या तासातले मिनिट-दीड मिनिट उरते. कॅसेट भरणारे तेवढ्यात एखादे गाणे अर्धेच घालत. कोरी टेप त्यांना बघवत नसे. आम्ही ती जागा कोरी ठेवली आहे. फोनवर त्यासाठी पुढचे गाणे आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी लागते.