वस्तूचा आकार आणि व्यापारचिन्हाचे संरक्षण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
व्यापारचिन्ह म्हटले की सामान्यतः नाव, अक्षर किंवा चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आलेल्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ ने वस्तूचा आकार व वेष्टन यांचाही व्यापारचिन्हाच्या व्याख्येत समावेश केला. नाव एकाने राखून ठेवले तरी दुसऱ्या उत्पादकाला दुसरे नाव सापडते. उपयुक्त आकाराला मात्र पर्याय असेलच असे नाही. म्हणून आकारावरील हक्काची मर्यादा कोठे आखावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर मर्यादा :
अधिनियमाच्या कलम ९(३) नुसार केवळ तीन प्रकारच्या आकारांनी बनलेले चिन्ह नोंदणीस अपात्र ठरते. वस्तूच्या स्वरूपातूनच येणारा आकार हा पहिला प्रकार होय. वरुड-मोर्शी भागातील संत्र्याचा गोल आकार कोणाही व्यापाऱ्याचे चिन्ह होऊ शकत नाही. तांत्रिक परिणामासाठी आवश्यक असलेला आकार हा दुसरा प्रकार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी दाल मिलचे उदाहरण येथे घेता येईल. तूर सोलणे, चाळणे आणि डाळ वेगळी करणे या कामांसाठी यंत्राच्या भागांना जी घडण द्यावी लागते, ती व्यापारचिन्हाच्या कक्षेत येत नाही. वस्तूला भरीव मूल्य देणारा आकार हा तिसरा प्रकार. ठुशीची घडण हीच तिच्या मागणीचे कारण असते. दीर्घ वापराने प्राप्त झालेल्या ओळखीची सवलत कलम ९(१) पुरती आहे. कलम ९(३) ला ती लागू नाही.

या कठोरतेमागे कारण आहे. डिझाइन अधिनियम, २००० खालील संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षे टिकते. व्यापारचिन्हाचे दर १० वर्षांनी कितीही वेळा नूतनीकरण करता येते. हा बांध नसता, तर मुदत संपलेले पेटंट किंवा डिझाइन व्यापारचिन्हाच्या रूपाने कायमचे राखता आले असते. याच विचाराने युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये लेगो विटेच्या आकाराची नोंदणी अवैध ठरविणारा निर्णय कायम ठेवला.

निर्णयाची चिकित्सा :
गोर्बाचेव्ह वोदका विरुद्ध जॉन डिस्टिलरीज (२०११) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी रशियन चर्चच्या कांद्याच्या आकाराच्या घुमटावरून घेतलेल्या बाटलीच्या आकाराला अंतरिम संरक्षण दिले. द्रव साठविण्याच्या कार्याशी या आकाराचा संबंध नाही, तो निव्वळ कल्पनेतून आला आहे, हा त्यातील निर्णायक विचार होता. ही कसोटी योग्यच आहे. कारण ती प्रतिस्पर्ध्याला आकाराची गरज आहे काय, हे पाहते.

तथापि दोन उणिवा राहतात. पहिली अशी की, वाद पासिंग ऑफचा होता आणि कलम ९(३) चा बांध नोंदणीपुरता आहे. त्यामुळे नोंदणी नाकारलेला उपयुक्त आकार पासिंग ऑफच्या मार्गाने अडविण्याचा प्रयत्न होऊ शकतो. दुसरी अशी की, बाटलीचा आकार उघडच अनावश्यक असल्याने उत्तर सोपे होते. अंशतः उपयुक्त व अंशतः शोभेच्या आकाराचे काय, हा कठीण प्रश्न या निर्णयाने सुटत नाही. शिवाय ‘भरीव मूल्य’ या निकषामुळे आकार जितका देखणा, तितकी नोंदणी अवघड, अशी विसंगती उद्भवते.

निष्कर्ष :
अमरावती व अकोला येथील लहान यंत्रनिर्मात्याला ही चर्चा दूरची वाटेल. परंतु प्रचलित यंत्राच्या घडणीवर कोणी हक्क सांगितला, तर खटल्याच्या खर्चाच्या धास्तीनेच तो माघार घेण्याची शक्यता असते. म्हणून पासिंग ऑफच्या दाव्यातही आकार उपयुक्त नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वादीवर असावी. मालाची ओळख राखणे हे व्यापारचिन्हाचे प्रयोजन आहे. उपयुक्त घडण मात्र सर्वांसाठी खुली राहिली पाहिजे.