बिऱ्हाड हलण्यापूर्वीचे दोन महिने

मराठी प्रवासवर्णनाचा प्रारंभ बहुधा गाडी सुटल्यावर होतो, आणि चरित्रनायकाचे कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी जाते ते एका वाक्यात. त्या वाक्यामागे घरातील माणसांनी जे दोन महिने काढलेले असतात त्यांना आपल्या गद्यात जवळजवळ जागाच नाही, अशी आमची तक्रार आहे. काशीत राहून मराठी वाचणाऱ्यास ती अधिक जाणवते. कारण दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या आसपास नांदलेल्या महाराष्ट्रीय वस्तीचा इतिहास हा येणाऱ्यांचा जितका, तितकाच जाणाऱ्यांचाही आहे.

तांबे कुटुंबाचेच उदाहरण घेऊ. मोरोपंत तांबे काशीत चिमाजीअप्पांच्या आश्रयास होते. मनकर्णिका, म्हणजे पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, येथेच जन्मली. चिमाजीअप्पा वारल्यावर हे कुटुंब ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांकडे गेले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणीचे चरित्र लिहून मोठे काम केले, हे निर्विवाद. परंतु राणीच्या बहुतेक चरित्रांत हे स्थलांतर पुढील पराक्रमाकडे नेणारी एक पायरी, एवढ्याच नात्याने येते. ब्रह्मावर्त गंगेच्या वरच्या अंगास. नावेने जायचे तर प्रवाहाविरुद्ध, म्हणजे काठावरून दोरखंडाने नाव ओढणारी माणसे हवीत. गाड्यांनी जायचे तर ओझ्याचा हिशेब हवा. आश्रयदाता गेलेल्या घराने काय बरोबर घेतले, काय विकले, कोणाचे देणे फेडले? कागद नसताना चरित्रकाराने कल्पना लढवावी असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न तरी विचारावा, इतकेच.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या बाबतीत पुष्कळ सरस आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १८५७ सालच्या धामधुमीसाठी तो वाचला जातो. आम्हांस मात्र त्यातील वरसईचे घर महत्त्वाचे वाटते. कर्जाने वाकलेल्या घरातील कर्ता मुलगा बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने निघतो, आणि शेवटी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेचे पाणी घेऊन परततो. निघण्याचे कारण ठाऊक असल्यामुळे पुढील प्रत्येक लुटीचे दुःख आपणांस दुप्पट होते. तरीही येथे माणूस हलतो, घर हलत नाही.

घर हलते ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या या पुस्तकात किती गावे येतात! नाशिक, मुरबाड, राजनांदगाव, नगर, राहुरी आणि अखेरीस कराची. समीक्षकांनी त्यातील विनोद वाखाणला, धर्मांतराची कथा वाखाणली. परंतु सारखे मोडणारे व पुन्हा मांडले जाणारे बिऱ्हाड हाच या पुस्तकाचा कणा आहे, असे आमचे मत आहे. टिळकांची लहर जेथे निर्णय घेते, तेथे भांडीकुंडी कोण सांभाळते हे लक्ष्मीबाई विसरू देत नाहीत. हे लेखन स्त्रीचे आहे, हा योगायोग नव्हे.

काशीतील असा उन्हाळा कोणी लिहिला तर त्याला सामग्रीची वाण पडणार नाही. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की हालचाल सुरू होते. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांना हे पंचांग पाठच असते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हे; ‘पुढच्या वर्षी कोण कुठे’ हे न बोलता भरलेल्या ओट्या. मेष संक्रांतीला शेजारणीने आणून दिलेला सत्तू. वैशाखात पश्चिमेचा ऊष्ण वारा सुटतो, गच्चीवरचे पापड दोन प्रहरांत खडखडीत वाळतात. पण वानरांपासून ते राखण्यास काठी घेऊन एक मूल बसवावे लागते. कैऱ्यांचे लोणचे बरणीत जाते, लंगडा पिकण्यापूर्वीच मात्र निघावे लागते. देव कोणी सांभाळायचे यावरून भावाभावांत अबोला. पाटा शेजारी जातो, वरवंटा कोणाला हवा असतो! आणि माळ्यावरून उतरलेले पोथ्यांचे गठ्ठे: मोडी ज्यास वाचता येत नाही अशा नातवापुढे ते सोडले जातात, आणि एका दुपारी निकाल लागतो.

हा तपशील क्षुल्लक आहे, कलाकृतीस तो भार होईल, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. पण कुटुंबाने कशाला मूल्य दिले हे त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याने बांधलेल्या गाठोड्यावरून अधिक कळते. येथील सरस्वतीभवन ग्रंथालयात हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह आहे. सूचीत ग्रंथाचे नाव मिळेल, कर्त्याचे मिळेल. ती पोथी कोणत्या घरातून, कोणत्या वैशाखात, कोणाच्या हातून सुटली हे सांगणे सूचीचे काम नव्हे. ज्या आजींना ते ठाऊक आहे त्यांपैकी काही अद्याप याच गल्ल्यांत आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्यापैकी एखादी मुलाकडे पुण्याला राहावयास जाते.