मनुष्यत्वाचा दाखला

संगणकावर एखादा अर्ज भरावयास बसावें आणि मध्येंच नऊ चौकटींचें चित्र पुढें येऊन ‘यांतील वाहतुकीचे दिवे ओळखा’ अशी आज्ञा व्हावी, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. ‘कॅप्चा’ नांवाच्या या कोड्याचा हेतु, समोर मनुष्य आहे कीं यंत्र हें ठरविण्याचा आहे. तो हेतु आम्हांस मान्य आहे. एक यंत्र हजारों खोटे अर्ज अल्पावधींत भरूं शकतें. त्याला दाराशीं अडविणें भागच आहे. आमचा आक्षेप आहे तो कसोटीवर.

१९५० सालीं ॲलन ट्युरिंग यांनीं यंत्राच्या बुद्धीची जी परीक्षा सुचविली, तींत परीक्षक मनुष्य होता आणि साधन होतें संभाषण. २००३ सालीं लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम प्रभृति पंडितांनीं कॅप्चाची कल्पना शास्त्रीय निबंधांत मांडली, तेव्हां हें नातें उलटें झालें. यंत्र परीक्षक झालें व आपण परीक्षार्थी. संभाषण गेलें, उरली ती बहुतांशीं दृष्टि. वेडींवांकडीं अक्षरें वाचणें यंत्रास त्या काळीं साधत नव्हतें, एवढ्याच आधारावर तें मनुष्याचें लक्षण ठरलें.

हा आधार फार दिवस टिकला नाहीं. २०१४ सालीं गूगलच्याच संशोधकांनीं तसलीं अक्षरें यंत्राकडून ९९.८ टक्के अचूकपणें वाचवून घेतलीं. २०२४ सालीं झुरिक येथील संशोधकांनीं चित्रांचीं कोडींही यंत्राकडून सोडवून दाखविलीं.

मग अडतें कोण? अंध मनुष्य अडतो; दृष्टि मंद झालेले वडीलधारे अडतात. अंधांचें वाचनयंत्र एरवीं चित्राखालचें वर्णन मोठ्यानें वाचून दाखवितें. पण कोड्याखालीं उत्तर सांगणारें वर्णन लिहिलें, तर तें नको असलेलें यंत्रही वाचील. म्हणजे अंधाची अडचण ही अनवधानानें राहिलेली उणीव नव्हे. ती या रचनेंतच आहे. ध्वनीचें कोडें हा त्यावरील उपाय खरा, परंतु ज्यास दिसतही नाहीं व ऐकूंही येत नाहीं, त्याची वाट तेथेंही बंदच.

चोरास उघडतां यावें आणि घरधन्यास उघडूं नये, असें कुलूप कोणी दारास लावीत नाहीं. ज्या संस्था अशीं कोडीं दाराशीं ठेवितात, त्यांनीं निदान शेजारीं दुसरा मार्ग ठेवावा: दूरध्वनीवर बोलणारा एखादा मनुष्य. समोर मनुष्य आहे हें ओळखण्यास त्यालाही दोन वाक्यें पुरेशीं होतात.